ऊडनाडाटा ट्रॅकवर सात दिवस: आउटबॅकच्या सहलीची आखणी कशी करावी

मेलबर्न, सिडनी किंवा ॲडलेडच्या मराठी घरांत जुलैच्या सुट्टीचा विषय निघाला की ग्रेट ओशन रोड, ब्लू माउंटन्स, फार तर विमानाने उलुरू, इथवर चर्चा येते आणि थांबते. आउटबॅकमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या, विरळ वस्तीच्या प्रदेशात, स्वतः गाडी चालवत जायचं म्हटलं की कुणी म्हणतं, ‘नको रे बाबा, तिकडे माणसं मरतात’, तर कुणी म्हणतं, ‘त्यात काय, मॅप लावायचा आणि निघायचं.’ पहिल्या भीतीपायी लोक एका विलक्षण प्रदेशाला मुकतात आणि दुसऱ्या बेफिकिरीपायी खरंच जिवावर बेततं. नीट तयारी केली तर चारचौघांसारखं कुटुंब हा प्रवास आनंदाने करू शकतं. ती तयारी कशी करायची ते इथे क्रमाने सांगतो.

सगळ्या आखणीच्या मुळाशी एकच प्रश्न ठेवा: ‘गाडी इथे, आत्ता बंद पडली, तर आपण सगळे या जागी किती वेळ सुखरूप राहू?’ पाणी किती, टायर किती, कुणाला कळवायचं, कुठे मुक्काम करायचा, या सगळ्याची उत्तरं याच प्रश्नातून निघतात. कुठली स्थळं पाहायची हा त्यानंतरचा भाग.

मार्ग: एका आठवड्यात किती बसतं?

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी ॲडलेडहून निघणारा गोल मार्ग सुचवतो. ॲडलेड, फ्लिंडर्स रेंजेस, ली क्रीक, मारी, तिथून ऊडनाडाटा ट्रॅक या कच्च्या रस्त्याने विल्यम क्रीक, मग कूबर पीडी आणि स्टुअर्ट हायवेने परत. एकूण अंतर साधारण १,९०० किलोमीटर. त्यातला मोठा भाग डांबरी आणि मधला तुकडा कच्चा.

पूर्ण ऊडनाडाटा ट्रॅक मारीपासून मार्लापर्यंत सुमारे ६२० किलोमीटरचा आहे. तो सगळा एका आठवड्यात ‘करून टाकायचा’ मोह होतो. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या खेपेला करू नये. विल्यम क्रीकपासून ऊडनाडाटा २०० किलोमीटर, पुढे मार्ला आणखी २१०, आणि तिथून कूबर पीडी २३५. हा वळसा घेतला की रोज सकाळी उठून फक्त गाडी हाकायची, असं होऊन बसतं. विल्यम क्रीकहून सरळ कूबर पीडीला जाणारा कच्चा रस्ता १६६ किलोमीटरचा आहे. तो घेतला की ट्रॅकवरचं बरंचसं पाहण्यासारखं पदरात पडतं आणि हातात वेळही राहतो. १८९२ साली बांधलेला आल्जिबकिनाचा लांबलचक रेल्वेपूल मात्र उत्तरेच्या तुकड्यात आहे, त्यामुळे तो सुटतो. रेल्वेवेड्यांनी त्यासाठी आणखी दोन-तीन दिवस काढावेत.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. सहल सात दिवसांची असली तरी रजा नऊ दिवसांची घ्या. इथे पाऊस पडला की रस्ते अधिकृतपणे बंद होतात. ते उघडायला एक दिवस लागेल की चार, हे कुणीच सांगू शकत नाही. सोमवारी ऑफिसात पोचायचंच असलेला माणूस बंद रस्त्यावर गाडी घालतो. चिखलात रुततो, शिवाय जबर दंडही भरतो.

कधी जावं

मे ते सप्टेंबर. जून-जुलैत दिवसा १८-२० अंश आणि रात्री कधी कधी शून्याच्या आसपास, म्हणजे कडाक्याची थंडी. नोव्हेंबर ते मार्च या भागात जाण्याचा विचारही करू नका. ऊडनाडाटाला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. त्या उन्हात बंद पडलेली गाडी आणि तीच गाडी जुलैत बंद पडलेली, यांत जीवन-मरणाचा फरक आहे. उन्हाळ्यात अनेक मुक्कामाच्या जागाही बंद असतात.

हिवाळ्यात दिवस मात्र लहान. जूनमध्ये साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तुम्हाला त्याच्या तासभर आधी मुक्कामाला पोचायचं असतं. म्हणून दिवसाचं गाडी चालवणं कच्च्या रस्त्यावर २५० किलोमीटरच्या आत बसवा. शाळेच्या सुट्टीत जाणार असाल तर विल्पीना (फ्लिंडर्स रेंजेसमधला पहिला मुक्काम) आणि कूबर पीडीचं बुकिंग काही महिने आधी करा.

गाडी आणि टायर

कोरड्या हवामानात ट्रॅकचा हा भाग दणकट, उंच तळाच्या टू-व्हील ड्राइव्ह गाड्याही पार करतात. तरी कुटुंब घेऊन जाताना फोर-व्हील ड्राइव्हच घ्यावी. वाळूचे डोंगर चढायचे नाहीत, पण गाडीचा तळ उंच, टायर मजबूत आणि सस्पेन्शन दगडधोंड्यांसाठी बनवलेलं असणं इथे कामी येतं.

गाडी भाड्याची असेल तर करार शब्दन् शब्द वाचा. साध्या गाड्यांना बहुतेक कंपन्या कच्च्या रस्त्यावर नेऊच देत नाहीत. फोर-व्हील ड्राइव्ह दिली तरी काही रस्त्यांना नाव घेऊन बंदी असते, रात्री शहराबाहेर चालवायला मनाई असते, आणि पाण्यातून गाडी नेल्यामुळे झालेलं नुकसान विम्यात बसत नाही. ‘ऊडनाडाटा ट्रॅकवर नेऊ का?’ हे ईमेलने विचारा आणि होकार लेखी घ्या. काउंटरवरच्या माणसाने तोंडी दिलेला होकार अपघातानंतर उपयोगाचा नसतो. भारतातून येणाऱ्यांनी आपला इंग्रजी मजकुराचा परवाना आणि आरटीओकडून घेतलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, दोन्ही जवळ ठेवावेत. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची असते, ही सोय आहे.

टायरवर या प्रवासाचं निम्मं सुख अवलंबून आहे. ट्रॅकवर गिबर नावाचे लहान, कठीण, धारदार दगड पसरलेले असतात आणि ते टायर कापतात. पूर्ण आकाराचे दोन स्पेअर टायर न्या. निम्म्या आकाराचं ते तात्पुरतं बारीक चाक इथे कुचकामी. सोबत प्लग लावून पंक्चर काढायचा संच, बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर, हवेचा दाब मोजायचा गेज, आणि जॅकखाली ठेवायला फूटभर लांबीची जाड फळी. मऊ मातीत फळीशिवाय जॅक खाली रुतत जातो आणि गाडी वर उचललीच जात नाही. घरी अंगणात किंवा ड्राइव्हवेवर एकदा चाक बदलून पाहा. भाड्याच्या गाडीत स्पॅनर कुठे आहे, स्पेअर खाली कसा उतरवायचा, हे गाडी ताब्यात घेतानाच करून बघा.

डांबर संपलं की थांबून हवा कमी करायची. डांबरी रस्त्यावर ३८ पीएसआय असेल तर कच्च्यावर २८-३० पर्यंत आणा आणि वेग ८०च्या आत ठेवा. हवा कमी केल्याने टायर दगडावर दबतो, फुटत नाही. रस्त्यावरच्या आडव्या लाटांचे हादरेही निम्मे होतात. पण हवा कमी करून वेग मात्र तोच ठेवला तर टायर तापून फाटतो. दोन्ही गोष्टी एकत्र पाळायच्या. परत डांबर लागलं की हवा भरायची.

या लाटांमुळे गाडीचं सगळं काही सैल होतं. रोज सकाळी निघण्यापूर्वी दहा मिनिटं द्या: चाकांचे नट, छतावरच्या रॅकचे बोल्ट, बॅटरीचे क्लॅम्प, इंजिनातलं तेल आणि पाणी, गाडीखाली काही गळतंय का. डिकीतल्या वस्तू घट्ट बांधा. काचेच्या बरणीतलं लोणचं दोनशे किलोमीटर आडव्या लाटांवर टिकत नाही. प्लॅस्टिकच्या डब्यात घालून वर झिपची पिशवी.

इंधन आणि पाणी यांचा हिशेब

इंधनाचे लांब टप्पे दोन. मारी ते विल्यम क्रीक २०४ किलोमीटर आणि कूबर पीडी ते ग्लेंडॅम्बो २५२ किलोमीटर. कच्च्या रस्त्यावर गाडी नेहमीपेक्षा पाव पट तरी जास्त पिते, समोरून वारा असेल तर आणखी. त्यामुळे टाकी भरल्यावर तुमची गाडी निदान ४५० किलोमीटर जायला हवी. बहुतेक मोठ्या गाड्या जातात. मग नियम सोपा: पंप दिसला की टाकी भरायची, ती निम्मी भरलेली असली तरी आणि भाव शहरापेक्षा बराच चढा असला तरी. पुढचा पंप चालू आहे का, हे आधीच्या मुक्कामावरून फोन करून विचारा, कारण या भागातले रोडहाउस कधी कधी डिझेल संपल्याने किंवा मालक बदलल्याने काही काळ बंद असतात. थोडी रोख रक्कमही जवळ असू द्या. कार्डाचं मशीन बंद पडलं की डोंगरापलीकडचा दुसरा पंप नसतो.

पाणी प्रत्येकाला दिवसाला ५ लिटर, पिण्याचं आणि स्वयंपाकाचं मिळून. चार माणसं म्हणजे दिवसाला २० लिटर. ली क्रीक सोडल्यापासून कूबर पीडीपर्यंत तीन दिवस, आणि अडकून पडलो तर आणखी दोन दिवस. झाले १०० लिटर, म्हणजे १०० किलो वजन. ते छतावर चढवू नका, गाडी कलंडते. खाली, दोन्ही चाकांच्या मध्ये, मागच्या सीटला टेकून ठेवा. आणि एकाच मोठ्या पिंपात भरू नका. २० लिटरचे पाच-सहा कॅन घ्या, म्हणजे एक फुटला तर बाकीचे उरतात. ट्रॅकवरच्या बोअरचं पाणी खनिजांनी भरलेलं आणि बऱ्याचदा मचूळ असतं, ते पिण्याच्या हिशेबात धरू नये.

जेवणाच्या बाबतीत आपण मराठी माणसं सुदैवी. भाजणी, पोहे, मेतकूट, मूगडाळ-तांदूळ, शेंगदाण्याची चटणी, गुळपोळ्या, दशम्या यांना फ्रिज लागत नाही. एक छोटा कुकर आणि गॅसची शेगडी असली की वीस मिनिटांत खिचडी होते. खिचडीला पाणी कमी लागतं आणि भांडंही एकच पडतं, इथे दोन्हींना किंमत आहे. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. भारतातून येताना कुठलाही खाद्यपदार्थ विमानतळावर जाहीर करावाच लागतो, आणि ताजी फळं, बिया, दुधाचे पदार्थ यांबद्दल नियम कडक आहेत. मेलबर्न-सिडनीहून गाडीने येणाऱ्यांनीही सोबतची फळं, टोमॅटो, मिरच्या साउथ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीआधी संपवाव्यात. फळमाशीपासून बागा वाचवण्यासाठी त्या राज्यात आणायला बंदी आहे. ताजी भाजी ॲडलेडलाच घ्या.

संपर्क: मोबाइलवर भरवसा ठेवू नका

गावांच्या आसपास थोडी रेंज मिळते, तीही टेल्स्ट्रा या मोबाइल कंपनीची. मध्ये शेकडो किलोमीटर काहीही नाही. म्हणून तीन थर ठेवा.

पहिला थर माणसाचा. शहरातल्या एका जबाबदार मित्राला रोजचा मार्ग, मुक्काम, गाडीचा नंबर आणि रंग लिहून द्या. रोज संध्याकाळी त्याला कळवा, आणि ‘अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना सांग’ हे आधी ठरवा. मार्ग बदलला तर तेही कळवा. नाहीतर शोध भलत्याच ठिकाणी सुरू होतो.

दुसरा थर सॅटेलाइट फोनचा किंवा सॅटेलाइट मेसेंजरचा. हे भाड्याने मिळतात. नव्या आयफोनवरूनही मोकळ्या आकाशाखाली उपग्रहामार्फत आणीबाणीचा संदेश जातो, पण फोन पडला, भिजला, बॅटरी संपली तर काय, म्हणून त्यावरच विसंबू नये.

तिसरा थर पीएलबी, म्हणजे ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारा मुठीएवढा बीकन. बटण दाबलं की उपग्रहामार्फत तुमचं ठिकाण ऑस्ट्रेलियाच्या सागरी सुरक्षा प्राधिकरणाच्या बचाव केंद्राला कळतं. त्याची नोंदणी मोफत असते आणि ती केलेली असावी. हे बटण जिवावर बेतलं तरच दाबायचं. पंक्चरसाठी नव्हे.

गाडीत यूएचएफ रेडिओ असेल तर हायवेवर चॅनेल ४० लावून ठेवा. मालट्रकवाले त्यावर बोलतात आणि समोर रुंद लोड येतोय हे आधी कळतं. चॅनेल ५ आणि ३५ आणीबाणीसाठी राखीव आहेत. आणीबाणीचा फोन नंबर ०००.

आणि गाडी बंद पडलीच तर गाडी सोडून चालत जाऊ नका. आउटबॅकमध्ये जीव गमावलेल्यांच्या कहाण्यांत हीच चूक पुन्हा पुन्हा दिसते. विमानातून माणूस दिसत नाही, गाडी दिसते. गाडीला सावली आहे, पाणी गाडीत आहे. बॉनेट उघडं ठेवा, रंगीत चादर छतावर बांधा, सावलीत बसा, थोडं थोडं पाणी पीत राहा. मुलांनाही हे निघण्यापूर्वी समजावून सांगा. कोणी कॅम्पपासून दूर भटकलं आणि रस्ता चुकलं तरी त्यांनी आहे तिथेच बसायचं.

गाडी चालवताना

अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. पहाटे आणि संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, ट्रॅकवर कुंपण नसल्याने गुरंही येतात. जनावर आडवं आलं तर स्टीअरिंग झटकन फिरवू नका. सरळ रेषेत जोरात ब्रेक. कच्च्या रस्त्यावर झटका दिला की गाडी उलटते, आणि कांगारूला धडकण्यापेक्षा ते फार वाईट. मेलेल्या जनावरावर मोठे वेज-टेल्ड गरुड बसलेले दिसले तर आधीच वेग कमी करा. पोट भरलेला गरुड उडायला वेळ घेतो आणि नेमका काचेच्या उंचीवर येतो.

स्टुअर्ट हायवेवर रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेले ट्रक भेटतात, ५३.५ मीटरपर्यंत लांब. ओव्हरटेक करायला किलोमीटरभर मोकळा रस्ता दिसला पाहिजे. कच्च्यावर रोड ट्रेन समोरून आली तर डावीकडे घेऊन थांबा, काचा वर करा आणि धूळ बसेपर्यंत निघू नका. धुळीमागे दुसरी गाडी असू शकते.

वाटेत ओढ्यात पाणी दिसलं तर थांबा. खोली आणि तळ कळत नसेल तर परत फिरा. पाऊस पडून गेलेल्या ट्रॅकवरची लाल माती साबणासारखी होते, फोर-व्हील ड्राइव्हचाही तिथे इलाज चालत नाही. रस्त्यांची स्थिती राज्याच्या वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर रोज बघा. ट्रॅक सुरू होण्यापूर्वी उघडा-बंद दाखवणारे मोठे फलकही लावलेले असतात. फलकावर ‘बंद’ असेल तर बंद.

दिवसवार

*पहिला दिवस* ॲडलेडहून क्वॉर्न, हॉकरमार्गे विल्पीना, साधारण ४५० किलोमीटर डांबरी. क्वॉर्न आणि हॉकर यांच्या मध्ये कन्याकाचे दगडी भग्नावशेष लागतात, तिथे जरूर उतरा. १८६५ साली सर्वेयर जॉर्ज गॉयडरने नकाशावर एक रेघ मारली: हिच्या उत्तरेला पावसाचा भरवसा नाही, इथे पीक घेऊ नका. मधल्या काही चांगल्या पावसाच्या वर्षांत लोकांनी ती रेघ ओलांडून गहू पेरला, घरं बांधली आणि मग दुष्काळात सगळं सोडून परतले. त्या शेतकऱ्यांची छप्पर नसलेली घरं या रस्त्याच्या आजूबाजूला अजून उभी आहेत. माण-खटावचा ज्यांना अनुभव आहे त्यांना ती भिंतीभिंतींतून कळतात.

*दुसरा दिवस* मला या सहलीत सर्वांत आवडतो. पहाटे विल्पीनाचा डोंगरकडा, ज्याला इथले मूळ रहिवासी आद्न्यामथना लोक इकारा म्हणतात, गुलाबी होताना बघा. इथल्या सेंट मेरी शिखराच्या माथ्यावर चढू नये अशी आद्न्यामथना लोकांची विनंती आहे. खाली फिरायला भरपूर वाटा आहेत. मग बनियेरू आणि ब्रचीना घळीतून कच्च्या रस्त्याने पॅराचिल्नाकडे उतरा. ब्रचीनाच्या वाटेवर खडकांच्या थरांची माहिती देणारे फलक आहेत. तुम्ही अक्षरशः कोट्यवधी वर्षांच्या समुद्रतळांमधून गाडी चालवत असता. याच डोंगररांगेत १९४६ साली रेग स्प्रिग या भूशास्त्रज्ञाला प्राण्यांच्या सर्वांत जुन्या जीवाश्मांपैकी काही सापडले. त्यावरून २००४ साली एडियाकरन हा भूशास्त्रीय कालखंड अधिकृतपणे मानला गेला, आणि त्याची सुरुवात दाखवणारी कांस्य चकती इथेच बसवलेली आहे. घळीच्या दगडी उतरणीवर पिवळ्या पायांचे रॉक वॉलबी दिसतात. इंजिन बंद करून शांत बसलं की पट्टेदार शेपटी आधी दिसते, मग प्राणी. मुक्काम पॅराचिल्ना किंवा ली क्रीक. ली क्रीकची कोळशाची खाण २०१५ साली बंद झाली आणि गाव ओसरलं, त्यामुळे दुकान आणि पंप किती वाजता बंद होतात ते आधी विचारा.

*तिसरा दिवस* ली क्रीकहून लिंडहर्स्ट, मारी आणि पुढे कॉवर्ड स्प्रिंग्ज, सुमारे २५० किलोमीटर. मारीत थोडा वेळ काढा. १८६६ साली थॉमस एल्डर या व्यावसायिकाने शंभराहून अधिक उंट आणि ते सांभाळणारी माणसं कराचीहून पोर्ट ऑगस्टाला आणली. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होतं. ‘अफगाण’ म्हणून ओळखले गेलेले हे उंटवाले अफगाणिस्तान, बलुचिस्तान, पेशावर, सिंध, पंजाब अशा ठिकठिकाणचे होते. रेल्वे येण्यापूर्वी या वाळवंटात पीठ, लोकर, तारेचे खांब त्यांनीच वाहिले. ‘द घॅन’ या प्रसिद्ध रेल्वेचं नाव त्यांच्यावरून आलं असं मानलं जातं. मारी त्यांचं मोठं ठाणं होतं. मातीच्या मशिदीची प्रतिकृती गावात आहे.

मारीनंतर ट्रॅक सुरू होतो. मूळ घॅनची अरुंद लाइन इथूनच जायची, ती १९८०मध्ये बंद झाली. स्लीपर, पडके पूल, कर्डिमर्काचं ओसाड स्टेशन वाटेत दिसत राहतं. पुढे रस्त्याच्या कडेलाच काटी थांडा–लेक आयरच्या दक्षिण सरोवराचं दर्शनस्थळ आहे. ऑस्ट्रेलियाचा सर्वांत खोलगट भाग याच्या उत्तरेकडच्या मोठ्या सरोवरात, समुद्रसपाटीच्या सुमारे १५ मीटर खाली. बहुतेक वर्षी तिथे मिठाची पांढरी चादर असते. २०२५मध्ये क्वीन्सलंडच्या महापुराचं पाणी काटी थांडात आलं आणि सरोवराचा मोठा भाग भरला. इथले मूळ रहिवासी अरबाना लोकांसाठी हे स्थान पवित्र आहे. काठावरून पाहा, तळावर गाडी नेऊ नका, पाण्यात उतरू नका.

कॉवर्ड स्प्रिंग्जच्या अलीकडे फाट्यावर ‘बबलर’ आणि ‘ब्लँच कप’ हे झरे आहेत. बबलरच्या डोहाजवळ उकिडवं बसून पाहा. तळाची करडी वाळू गोल गोल फिरते, फुगते आणि मधून पाण्याचा मोठा बुडबुडा वर येऊन फुटतो. वाळू परत बसते आणि पुन्हा फुगायला लागते. हे ग्रेट आर्टिशियन बेसिनचं पाणी. महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठ्या क्षेत्राखाली पसरलेला हा जलसाठा आहे, आणि त्यातलं काही पाणी लाखो वर्षांपूर्वी पावसाच्या रूपात पडलेलं आहे. या झऱ्यांच्या रांगेवरूनच आधी आदिवासींच्या व्यापारवाटा गेल्या, मग जॉन मॅकडूअल स्टुअर्टची मोहीम, १८७२ची तारेची लाइन आणि शेवटी रेल्वे. ऊडनाडाटा ट्रॅक तिथे का आहे, याचं कारण पाणी आहे. रात्री कॉवर्ड स्प्रिंग्जला खजुराच्या झाडांखाली तंबू ठोका, कोमट झऱ्याच्या छोट्या हौदात पाय सोडून बसा.

*चौथा दिवस* फक्त ७५ किलोमीटर, विल्यम क्रीकपर्यंत. गावात राहणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, एक हॉटेल, एक पंप आणि एक धावपट्टी. इथून छोट्या विमानाने काटी थांडावर फेरी मारता येते. पैसे जातात, पण जावंच असं माझं मत आहे, कारण जमिनीवरून या सरोवराचा आवाका कळतच नाही. उड्डाण सकाळचं घ्या, दुपारी गरम हवेने विमान फार हलतं. वारा असेल तर उड्डाण पुढे ढकललं जातं, म्हणूनच हा दिवस मोकळा ठेवला आहे.

*पाचवा दिवस* कूबर पीडी. इथे १९१५ साली एका चौदा वर्षांच्या मुलाला ओपल सापडला आणि गाव वसलं. उन्हापासून वाचायला लोकांनी जमिनीखाली घरं कोरली. मुक्कामही जमिनीखालीच घ्या. गावाबाहेर हजारो उघडे खाणखड्डे आहेत. फोटो काढताना मागे मागे सरकू नका, लहान मुलांचा हात सोडू नका.

*सहावा दिवस* पोर्ट ऑगस्टा, ५४० किलोमीटर डांबरी. लांब आणि कंटाळवाणा टप्पा. दर दोन तासांनी चालक बदला. हायवेचा मोठा भाग वुमेराच्या लष्करी प्रतिबंधित क्षेत्रातून जातो, तिथे मुख्य रस्ता सोडून आत शिरायचं नाही. *सातवा दिवस* ॲडलेड, ३१० किलोमीटर.

आई-बाबा सोबत असतील तर

आपल्याकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांना घेऊनच अशा सहली होतात, तेव्हा हे स्वतंत्र सांगतो. आडव्या लाटांवर कंबर आणि मान धरते, म्हणून त्यांना पुढची सीट, पाठीला उशी आणि तासातासाला उतरणं. बीपी-शुगरची औषधं दहा दिवसांची, दोन वेगवेगळ्या पिशव्यांत. इन्शुलिन असेल तर गाडीतल्या फ्रिजची खात्री. बाहेरची स्वच्छतागृहं साधी खड्ड्यांची असतात. बॅटरी, पाण्याची बाटली आणि हात धुवायचं साहित्य वेगळ्या पिशवीत हाताशी ठेवा.

हॉकर आणि कूबर पीडीला रुग्णालय आहे, मारीला रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचं क्लिनिक. १९२८ साली सुरू झालेली ही सेवा गंभीर रुग्णाला विमानाने उचलते. ॲम्ब्युलन्सचा खर्च मेडिकेअरमध्ये बसत नाही, म्हणून इथे राहणाऱ्यांनी ॲम्ब्युलन्स कव्हर आणि पाहुण्यांनी आणीबाणीत हलवण्याचा खर्च धरणारा प्रवासविमा घ्यावा. ज्यांना अलीकडे हृदयाचा त्रास झालाय त्यांना फ्लिंडर्सपर्यंत न्या, त्यापुढे नको. फ्लिंडर्सही मन भरून टाकतं.

परतल्यावर

शेवटच्या संध्याकाळी मित्राला ‘पोचलो’ असा फोन करा, नाहीतर ठरल्याप्रमाणे तो पोलिसांना कळवेल. गाडी खालून दाब देणाऱ्या पाण्याने धुवा, मीठ आणि लाल माती चेसिसला चिकटून राहिली की गंज चढतो. एअर फिल्टर काढून झटका, टायरची हवा परत पूर्ण भरा आणि आतल्या कडांना चिरा नाहीत ना ते हाताने चाचपून पाहा. गाडी भाड्याची असेल तर परत देण्याआधी चारही टायर, काच आणि तळाचे तारखेसह फोटो काढून ठेवा, आणि पीएलबी ज्याचा त्याला त्याच दिवशी परत करा.